वीस नावांची यादी : मिरजेतला खेळाडू जिल्हा संघाचा प्रशिक्षक होतो तेव्हा

पार्श्वभूमी

मिरजेतले एक फुटबॉलपटू, मिडफिल्डर म्हणजे मधल्या फळीतले, वय ३८. नाव देत नाही. मैदानावर धाकटी पोरं त्यांना दादा म्हणतात, इथेही तेच म्हणू. कॉलेजच्या वयात विद्यापीठाच्या संघातून खेळले, नंतर सहा हंगाम कोल्हापुरातल्या एका पेठेच्या टीमकडून. मिरज ते कोल्हापूर पन्नासेक किलोमीटर. सामन्याच्या दिवशी अर्धी रजा, बूट पिशवीत, परतताना गुडघ्यावर बर्फ. एकतिसाव्या वर्षी उजव्या गुडघ्याचा लिगामेंट तुटला. ऑपरेशननंतरही खेळत राहिले, पण पाय आधी परवानगी मागायचा आणि मग वळायचा.

नोकरी कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत, तीन पाळ्यांची. सुटीच्या वेळात एका शाळेच्या पोरांना शिकवत. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचं डी लायसन्स त्यांच्याकडे होतं. प्रशिक्षकाच्या शिडीची ही खालची पायरी. पुढे सी, बी, ए आणि सर्वांत वर प्रो.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात त्यांना जिल्ह्याच्या वरिष्ठ निवड संघाचं प्रशिक्षक नेमलं. आंतरजिल्हा स्पर्धा फेब्रुवारीच्या सुरुवातीला. चार संघांचा गट, पाच दिवसांत तीन सामने, गटातून दोघे पुढे. हातात २४ दिवस होते, प्रत्यक्षात सराव झाले १२.

नेमणारी मंडळी एवढंच म्हणाली, "इतकं खेळलाय, पोरं ऐकतील." पोरं ऐकतात हे खरं, पण पहिले तीन दिवसच. चौथ्या दिवशी त्यांना पुढे काय करायचं ते हवं असतं. खेळणं वेगळं, शिकवणं वेगळं. सय्यद अब्दुल रहीम हे पेशाने शिक्षक. त्यांच्या हाताखाली भारताने १९५१ आणि १९६२ ची एशियाडची सुवर्णपदकं जिंकली आणि १९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये चौथा क्रमांक मिळवला. खालिद जमील स्वतः भारताकडून खेळलेले मिडफिल्डर, पण राष्ट्रीय संघाची जबाबदारी त्यांच्याकडे आली ती ऑगस्ट २०२५ मध्ये. त्याआधी २००९ पासून मुंबई एफसी, २०१६-१७ ला आय-लीग जिंकणारा ऐजॉल, नंतर नॉर्थईस्ट युनायटेड आणि जमशेदपूर, अशी सोळा वर्षं क्लबांच्या बाकावर गेली होती. दादांना मधली वर्षं मिळालीच नाहीत. शाळेच्या मैदानावरून ते थेट निवड संघावर आले.

आणि निवड संघ ही वेगळीच जात आहे. क्लबच्या प्रशिक्षकाकडे पोरगं दहा महिने असतं. त्याचा डावा पाय सुधारता येतो, हेडिंग शिकवता येतं. निवड संघात पोरं उसनी असतात. जिल्हा काय आणि देश काय, मिळालेल्या दहा-बारा दिवसांत कुणाचाही पाय सुधारत नाही. हातात दोनच गोष्टी उरतात : कोणाला घ्यायचं, आणि घेतलेल्यांनी एकमेकांपासून किती अंतरावर उभं राहायचं.

अडचण

ट्रायलला ३४ जण आले. जागा २०. त्यात तीन गुंते होते.

पहिला कोल्हापूरचा. जिल्ह्यातले सर्वांत तयार सहा खेळाडू तिथल्या टीमशी बांधलेले, आणि जानेवारी-फेब्रुवारी म्हणजे तिथला भर हंगाम. टीमवाल्यांचं म्हणणं सरळ होतं : सामन्यांपुरतं सोडू, सरावाला नाही. त्यात वावगंही काही नाही. मानधन ते देतात. पोरगं मिरजेत पाय मुरगळून आलं तर भुर्दंड त्यांनाच.

दुसरा गुंता वयाचा. एक स्टॉपर, म्हणजे मधला बचावपटू, वय ३६, दादांसोबत अकरा वर्षं खेळलेला. हवेतला चेंडू त्याच्याइतका जिल्ह्यात कोणी मारत नव्हतं. आणि यादीत विसावं नाव होतं खुद्द दादांचं. प्रशिक्षकाने खेळाडू म्हणून नोंदणी करायला या स्पर्धेत मनाई नव्हती.

तिसरा गुंता वेळ आणि माती. जानेवारीअखेर मिरजेत सूर्य साडेसहाच्या आत मावळतो, मैदानाला दिवे नाहीत, आणि सकाळच्या पाळीची पोरं पाच वाजता पोचायची. म्हणजे खेळायला धड ७५ मिनिटं. पहाटे सराव घ्यावा तर सातपर्यंत सूर्य उगवत नाही आणि मैदानावर फिरायला येणाऱ्यांची गर्दी. जमीन काळी. पावसाळ्यात फुगते, जानेवारीत भेगाळते. भेगेत बूट अडकला की घोटा गेलाच. मैदानाच्या मधल्या पट्ट्यात क्रिकेटची खेळपट्टी, ती सिमेंटसारखी. भेगा चाळलेली माती आणि वाळू समप्रमाणात घालून भरल्या. मुरूम टाकला नाही, कारण पडल्यावर कातडी सोलते. पाणी सरावाच्या आदल्या दिवशी संध्याकाळी मारायचं. त्याच दिवशी मारलं तर बुटाला चिखलाचे गोळे चिकटतात. रेघा फक्कीने. कळीचा चुना घाईत कोणी आणून टाकला तर घामात भाजतो, म्हणून फक्कीची पोती दादांनी स्वतः बघून घेतली.

पर्याय

पहिला पर्याय : नावाजलेले वीस घ्यायचे, कोल्हापूरवाले सहाही धरून. ते सामन्याला थेट येतील. कागदावर सर्वांत तगडा संघ हाच.

दुसरा : जो १२ पैकी किमान १० सरावांना येईल त्यालाच घ्यायचं. शिस्त राहील, पण पुढची फळी कच्ची.

तिसरा : मिसळ. बचाव आणि मधली फळी सरावाला येणाऱ्यांची, कोल्हापूरवाले फक्त पुढे. फॉरवर्डला ठरलेल्या हालचाली कमी असतात, तो अंगच्या खेळावर निभावून नेतो. चार बचावपटूंची ओळ मात्र तोंडओळखीवर चालत नाही.

हाच पेच देशपातळीवरही पडतो. ऑगस्ट २०२५ च्या अखेरीस मध्य आशियाई देशांच्या काफा नेशन्स कपला जाताना जमील यांना मोहन बागानचे खेळाडू मिळाले नाहीत. स्पर्धेचे सगळे दिवस फिफाच्या ठरलेल्या खिडकीत, म्हणजे क्लबने खेळाडू सोडायलाच हवेत अशा काळात, बसत नव्हते आणि क्लबने सोडलं नाही. त्यांनी हाताशी असलेल्यांना घेऊन घट्ट, खाली बसून खेळणारा संघ उभा केला. ताजिकिस्तानला २-१ हरवलं, इराणकडून ०-३ हार, अफगाणिस्तानशी गोलशून्य बरोबरी, आणि तिसऱ्या क्रमांकाच्या सामन्यात ओमानला टायब्रेकरवर मात. जो येणारच नाही त्याच्यावर आराखडा बेतायचा नाही, एवढी गोष्ट यातून कुणीही उचलावी.

दादांनी पहिला पर्याय घेतला. जन्मभर चांगल्या खेळाडूंबरोबर खेळायला धडपडलेला माणूस आणखी काय करणार?

काय केलं

नवव्या दिवशी एका कॉलेज संघाशी सामना ठेवला. कोल्हापूरवाल्यांपैकी चौघे त्या दिवसापुरते आले. १-४ हरले, आणि हरण्याची तऱ्हा महत्त्वाची होती. चारपैकी तीन गोल एकाच छापाचे : डावा स्टॉपर समोरच्याला ऑफसाइड, म्हणजे बचावाच्या ओळीपलीकडे, पकडायला पुढे सरकला, उजवा जागेवरच राहिला, मधून चेंडू गेला. चौघे बचावपटू चार टीमचे. एकाच्या टीममध्ये ओरडून ओळ पुढे नेतात, दुसऱ्याच्या टीममध्ये स्टॉपरने गोलकीपरची हाक ऐकल्याशिवाय हलायचं नाही. दोघेही आपापल्या जागी बरोबर. फॉरवर्ड आणि शेवटचा बचावपटू यांच्यात कधी पंचावन्न-साठ मीटर अंतर पडत होतं. तेवढ्या मोकळ्या जागेत कुणाचाही मिडफिल्ड दमतो.

त्या रात्री आराखडा बदलला. तिसरा पर्याय, ४-४-२ (चार बचावाला, चार मध्ये, दोन पुढे), आणि पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत ३५ मीटरपेक्षा जास्त अंतर नाही. कोल्हापूरच्या सहापैकी तिघेच ठेवले : दोन फॉरवर्ड, एक विंगर म्हणजे कडेने चढाई करणारा.

सरावाची ७५ मिनिटं अशी वाटली : १२ मिनिटं चेंडूसह अंग मोकळं करणं, २५ मिनिटं बचावाची ओळ, २० मिनिटं अर्ध्या मैदानावर आठ विरुद्ध आठ, उरलेली कॉर्नर, फ्री-किक आणि थ्रोसाठी.

ओळीसाठी मार्केट यार्डातून सुती दोर आणला. आठ-आठ मीटरचे तीन तुकडे. चौघांनी हातात टोकं धरायची आणि चेंडू जिकडे जाईल तिकडे एकत्र सरकायचं. दोर जमिनीला टेकला तर दोघे जवळ आले, ताणून हात ओढला गेला तर लांब गेले. पाच मिनिटांत डोक्यात बसतं. पण याचं एक दुखणं आहे : पोरं चेंडूऐवजी दोराकडे बघायला लागतात. तिसऱ्या सरावालाच हे दिसलं. उजवा बॅक, म्हणजे उजव्या कडेचा बचावपटू, खाली बघत सरकत होता, विंगर त्याच्या पाठीमागून निघून गेला, आणि दोर अगदी सरळ रेषेत होता. त्या दिवसापासून दोर फक्त पहिली आठ मिनिटं; मग टाकून द्यायचा आणि तेच हाकेवर करायचं. ओळ पुढे न्यायची हाक एकाचीच, उजव्या स्टॉपरची. शब्दही एकच ठरला, "चल". "वर", "बाहेर", "पुश" सगळं बंद.

कॉर्नरवर बचावाची मांडणी : तिघे सहा यार्डांच्या चौकोनात जागा धरून, एक जवळच्या खांबाला, चौघे माणसाला माणूस, एक पेनल्टी बॉक्सच्या तोंडाशी सुटलेल्या चेंडूसाठी, एक मध्यरेषेवर. दहा झाले. मध्यरेषेवर एकाला ठेवणं भित्र्या प्रशिक्षकाला जमत नाही, पण तो तिथे असला की समोरच्यांना दोघे मागे ठेवावे लागतात. हिशोब फायद्याचाच.

राहिला यादीचा प्रश्न. वयावर वाद नको म्हणून दादांनी मोजमाप घेतलं. ३० मीटर पूर्ण वेगात, सहा वेळा, मध्ये ३० सेकंद विश्रांती. मोबाइलच्या स्टॉपवॉचवर दोघांनी वेळ घ्यायची आणि सरासरी लिहायची. पहिल्या धावेपेक्षा सहाव्या धावेत काय फरक पडतो ते बघायचं. तरुण स्टॉपर ४.५ वरून ४.८ सेकंदांवर गेला. छत्तीस वर्षांचा ४.६ वरून ५.४ वर. दादा स्वतः ४.८ वरून ६ च्या घरात. सहाव्या धावेला निम्म्यातच गुडघा धरला. विसावं नाव तिथेच खोडलं गेलं, फार विचार करावा लागला नाही.

मित्राचं नाव खोडायला दोन दिवस लागले. तोवर यादी तशीच खिशात. अखेर सरावानंतर सगळ्यांना गोल बसवून १९ नावं वाचली, कारण विसावी जागा दुसऱ्या गोलकीपरसाठी राखली होती. मित्राचं नाव नव्हतं. पोरं पांगल्यावर तो चहाच्या गाड्याशी आला.

"म्हणजे मला बसवलास?"

"बसवला नाही. घेतलाच नाही."

"हे सगळ्यांसमोर वाचायची गरज होती? काल फोन केला असतास तर मी स्वतःच म्हणालो असतो, की नको."

दादांकडे उत्तर नव्हतं. चहा थंड झाला. चौथ्या दिवशी मित्र परत आला आणि कॉर्नरची जबाबदारी घेतो म्हणाला. जवळच्या खांबाकडे पळत येऊन डोक्याने मागे वळवायचा चेंडू त्यानेच बसवला. रोज पंधरा चेंडू, त्यातले चार-पाच जागेवर पडले तरी पुष्कळ.

या निवडीच्या निमित्ताने एक जुनी गोष्ट सांगण्याजोगी आहे. १९६२ च्या जकार्ता एशियाडमध्ये बचावपटू जर्नैल सिंग यांच्या डोक्याला दुखापत होऊन टाके पडले होते. बचावात हेडिंग करणं धोक्याचं, म्हणून रहीम यांनी त्यांना उपांत्य आणि अंतिम सामन्यात चक्क फॉरवर्डला खेळवलं. दोन्ही सामन्यांत त्यांनी गोल केले. अंतिम फेरीत भारताने दक्षिण कोरियाला २-१ हरवलं. ज्या कामासाठी माणूस घेतला ते त्याच्याकडून होत नसेल तर दुसरं कोणतं होईल, असा विचार करायला प्रशिक्षकाला त्याची पूर्ण ओळख लागते. दादांना मित्राची ती होती. कोल्हापूरच्या तिघांची नव्हती, आणि तेच पुढे नडलं.

निकाल

पहिला सामना ०-०. ओळ एकदाही फुटली नाही. समोरचे सात वेळा ऑफसाइड.

दुसरा १-० जिंकला. ६१ व्या मिनिटाला कॉर्नर, जवळच्या खांबाला डोक्याचा स्पर्श, मागून आलेल्या हाफने, म्हणजे मधल्या फळीतल्या खेळाडूने, पाय घातला. बाकावर मित्र खुर्चीवरून पडला म्हणतात.

तिसरा सामना जिंकला असता तर गटात पहिले. ७० व्या मिनिटापर्यंत ०-० होतं. ७४ व्या मिनिटाला एक, ८३ व्या मिनिटाला दुसरा. ०-२. गटात तिसरे, घरी.

दोन्ही गोल डाव्या बाजूने आले. डावा हाफ पाच दिवसांत तिसरा सामना पूर्ण खेळत होता. गावाकडे ३५-३५ मिनिटांचे सामने खेळायची सवय, इथे ९० मिनिटं. ६५ व्या मिनिटानंतर तो पुढे जात होता, परत येताना मात्र चालत होता. डावा बॅक त्यामुळे दोघांसमोर एकटा. पाच बदली खेळाडू उतरवायची मुभा होती. दादांनी दोनच वापरले, त्यातला पहिला ७६ व्या मिनिटाला, म्हणजे गोल बसल्यावर. कोल्हापूरचा विंगर ताजातवाना बाकावर होता. त्याला दादांनी उतरवलं नाही, कारण तो मागे येऊन बचाव करतो की नाही हे त्यांना माहीत नव्हतं. त्याच्यासोबत एकही पूर्ण सराव झाला नव्हता.

वेगळं काय करता आलं असतं

कोल्हापूरच्या टीमवाल्यांशी बोलणी डिसेंबरात व्हायला हवी होती, नेमणूक होण्याआधीच, जिल्ह्याच्या पदाधिकाऱ्यांकडून. मागणी सगळ्या सरावांना खेळाडू सोडण्याची नको. "दोन रविवारची संध्याकाळ आणि सामन्याआधीचा एक दिवस" एवढीच. इतकं कोणतीही टीम देते. सगळेच्या सगळे दिवस मागितल्यावर सरावासाठी एकही मिळाला नाही.

नवव्या दिवसाचा सराव सामना तिसऱ्या दिवशी घ्यायचा. वाईट हरायचं असेल तर लवकर हरलेलं बरं. सहा दिवस नको त्या आराखड्यावर गेले.

तीन सामने पाच दिवसांत असतील तर अकरा नव्हे, पंधरा जण घडवावे लागतात. दोन्ही हाफ आणि दोन्ही बॅक यांच्या जागी पर्याय आधीच सरावात खेळलेला हवा. बदली कधी करायची हे आदल्या रात्री कागदावर लिहून खिशात ठेवायचं : ६० व्या मिनिटाला डावा हाफ, ७० ला उजवा, स्कोअर काहीही असो. मैदानाच्या कडेला उभा असलेला जुना खेळाडू मनाने आत खेळत असतो. त्याला दम लागत नाही, म्हणून इतरांना लागलेला दिसत नाही. दादांच्या बाबतीत नेमकं हेच झालं.

३० मीटरच्या धावांची चाचणी चांगली होती, पण तिचं काम अर्धंच झालं. म्हाताऱ्यांना वगळायला वापरली, तरुणांच्या दमाचा अंदाज घ्यायला नाही. डाव्या हाफचा सहाव्या धावेचा आकडा वहीत होता : ५.२. कुणी परत उघडून बघितला नाही.

आणि यादी. वगळलेल्याला आदल्या रात्री फोन, दोन मिनिटं, कारण आकड्यासह. मग दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर वाचन. क्रम उलटा झाला की चार दिवस जातात. इथे माणूस परत आला, दरवेळी येतोच असं नाही.

पुढच्या वर्षी दादांनाच नेमलं. डिसेंबरच्या दुसऱ्या रविवारी ते मित्राला घेऊन कोल्हापूरला गेले, दोन टीमच्या मंडळींना भेटले आणि तीन तारखा लिहून घेऊन आले. सी लायसन्सचा अर्ज त्याच महिन्यात भरला. त्यासाठी लागणारी रजा कारखान्यातून अजून मंजूर व्हायची आहे.